बेटांचा बेत

आपल्याकडे बायकांच्या प्रवासाला कारण लागतं. माहेरी जायला सण लागतो. लेकीकडे जायला तिचं बाळंतपण लागतं. परगावी जायला कुणाचं तरी लग्न किंवा कुणाचं तरी आजारपण लागतं. यातलं काहीच नसलं तर मग यात्रा. शिखरजी, गिरनार, श्रवणबेळगोळ, कुंथलगिरी. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणींनी देश पाहिला तो यात्रेच्या बसच्या खिडकीतून, आणि त्या बसच्या टपावर स्वयंपाकाची पातेलीही बरोबरच होती. यात्रेला मी नावं ठेवत नाही, त्या प्रवासांनी मला खूप दिलं. पण या चार प्रकारांत न बसणारा एक पाचवा प्रवासही असतो. त्याला कारण एवढंच, की आपल्याला जावंसं वाटलं.

असल्या एका प्रवासाचा बेत गेली दोन वर्षं आमच्या घरात शिजतो आहे. बेत हा शब्द आपल्या बायकांच्या ओळखीचा. चाळीस पानांच्या पंगतीचा बेत आपण भाजी निवडता निवडता ठरवतो. कुणाला काय चालत नाही, कोण आधी जेवणार, दूध किती लागेल, सगळं डोक्यात. तेच डोकं स्वतःच्या सुट्टीसाठी वापरायची वेळ आली तेव्हा मात्र असं काही वर आलं, जे इतकी वर्षं तळाशीच बसून होतं. ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

जाणाऱ्या आम्ही तिघी. मी, माझ्या थोरल्या जाऊबाई आणि वन्सं. हुबळीत कोप्पीकर रोडवर आमचं साड्यांचं दुकान, आणि मागच्या गल्लीत घर. वन्सं धारवाडला राहतात. भूगोलाच्या शिक्षिका होत्या, आता पेन्शनर आहेत. जायचं हे त्यांच्याच डोक्यातून निघालं आणि कुठं जायचं हेही त्यांनीच ठरवलं: कॅनरी बेटं.

"हे कुठं आलं?" जाऊबाईंनी विचारलं.

"आफ्रिकेच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात. पण राज्य स्पेनचं," वन्सं म्हणाल्या. पस्तीस वर्षं नकाशावर छडी ठेवून मुलांना बेटं दाखवली, आता एकदा तिथं उभं राहून बघायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं.

आता तुम्ही विचाराल, सगळं जग स्वित्झर्लंड-पॅरिसला जातं, तुम्हालाच ही आडबाजूची बेटं कशी सुचली? त्यामागं आमचा पक्का हिशोब आहे. आमच्याकडे चातुर्मासात लांबचा प्रवास करत नाहीत, म्हणजे कार्तिक पौर्णिमेपर्यंत हलायचं नाही. त्याआधी दसरा-दिवाळीत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तुळशीची लग्नं झाली की माणसांच्या लग्नांचे बस्ते सुरू. मोकळा वेळ मिळतो तो फक्त धनुर्मासात, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, कारण तेव्हा लग्नं नसतात. आणि नेमकं तेव्हाच युरोपात बर्फ. तिघींचे मिळून सहा गुडघे, त्यातले चार दुखरे. बर्फात कोण जाणार?

कॅनरी बेटं आहेत जवळजवळ दिल्लीच्या अक्षांशावर, पण भोवती महासागर आणि ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे. त्यामुळे तिथं ना दिल्लीची थंडी, ना दिल्लीचा उन्हाळा. जानेवारीत दुपारी २०-२१ अंश, ऑगस्टमध्ये २७ च्या आसपास. शाळेत 'व्यापारी वारे' हा धडा आपण पाठ केला आणि विसरलो. त्याच वाऱ्यांच्या भरवशावर कोलंबस १४९२ च्या सप्टेंबरात यातल्याच ला गोमेरा नावाच्या छोट्या बेटावरून पश्चिमेला निघाला होता. वन्सं हे सांगू लागल्या की जाऊबाई हळूच म्हणतात, "तो निघाला, पोचला, परत आला. आपलं तिकीट कधी काढायचं ते बोला."

मोठी बेटं सात, आणि २०१८ पासून ला ग्रासिओसा हे आठवं धरतात. सगळी ज्वालामुखीतून वर आलेली. सर्वांत मोठं तेनेरिफे, त्याच्या मधोमध तेईदे नावाचा डोंगर, सुमारे ३,७०० मीटर उंच. सगळ्या स्पेनमधलं सर्वांत उंच शिखर मुख्य भूमीवर नाही, या बेटावर आहे. वर जायला रोपवे आहे, १९७१ पासूनचा. तो २,३५६ मीटरवरून निघतो आणि ३,५५५ मीटरवर सोडतो. जाऊबाईंना बीपी आहे, म्हणून आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, खालच्या स्टेशनापर्यंत गाडीनं जा, डोंगर खालूनही दिसतो. ला पाल्मा बेटावर २०२१ मध्ये १९ सप्टेंबरला ज्वालामुखी फुटला तो १३ डिसेंबरला थांबला. लाव्ह्याखाली हजारावर घरं गेली. ते वाचल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली खरी. पण आपणही भूकंपाच्या, पुराच्या देशातच राहतो आणि तरी सकाळी दूध तापवतोच.

बेटं सात-आठ, दिवस दहा. वन्संची पहिली यादी पाच बेटांची होती. जाऊबाईंनी ती दोनांवर आणली. "रोज बॅगा भरायच्या तर इथंच काय वाईट आहे?" म्हणाल्या. तेव्हा ठरलं ते असं: तेनेरिफेत पाच रात्री, ग्रान कानारियात चार. दोन्हींच्या मध्ये विमानानं अर्ध्या तासाचं अंतर. स्पेनमध्ये ६ जानेवारीला तीन राजांचा सण असतो. नाताळपासून तोपर्यंत गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले. म्हणून ७ जानेवारीनंतर. संक्रांत तिकडेच होणार. तिळगूळ बरोबर.

ग्रान कानारिया घेतलं ते दुकानांसाठी. हसू नका. कोप्पीकर रोडवर आयुष्य गेलेल्या बायका आम्ही, बाजाराचं गाव पाहिल्याशिवाय आम्हाला गाव पाहिल्यासारखं वाटत नाही. या बेटांच्या बाजाराची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८५२ साली स्पेननं इथली बंदरं मुक्त केली, म्हणजे जकात जवळजवळ उठवली. युरोपातून आफ्रिकेला, अमेरिकेला जाणारी जहाजं कोळसा-पाणी घ्यायला इथं थांबू लागली. आणि जिथं जहाज थांबतं तिथं व्यापारी पोहोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिंधमधल्या हैदराबादचे व्यापारी तिथं जाऊन बसले. रेशीम, भरतकाम, कलाकुसरीच्या वस्तू विकत. त्यांना सिंधवर्की म्हणत. फाळणीनंतर आणखी सिंधी कुटुंबं गेली. पुढं कॅमेरे, रेडिओ, घड्याळं यांची दुकानं त्यांनी थाटली. आजही लास पाल्मास आणि सांता क्रूझ या शहरांत भारतीय वंशाचे लोक भरपूर आहेत, बहुतेक सिंधी. आजही तिथला कर स्पेनच्या मुख्य भूमीपेक्षा कमी: तिकडे २१ टक्के, बेटांवर साधारण ७.

हे ऐकून जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे हिंग मिळेल."

मला मात्र त्या इतिहासातली दुसरी एक गोष्ट लागून राहिली. त्या पेढ्यांवर काम करायला सिंधमधून तरुण मुलं जात ती दोन-तीन वर्षांच्या करारावर. बायका मागं हैदराबादेत. नवरा अटलांटिकच्या बेटावर साड्या-शाली मांडतो आहे आणि बायको सासूसासऱ्यांचं करते आहे, बेटाचं नाव तिला फक्त पाकिटावर दिसतं. पुरुष गेले ते कामाला गेले, म्हणून त्यांचं जाणं कुणाला खटकलं नाही. त्यांच्या बायकांपैकी कुणाला ते बेट पाहावंसं वाटलं असेल का, हे कुठल्या वहीत लिहिलेलं असणार?

आता खाण्याचं. आपल्या घरातल्या प्रवासात हा प्रश्न पहिला येतो, इथं मी तो मुद्दाम तिसऱ्या नंबरावर ठेवला. कॅनरीची ओळख म्हणजे मिठाच्या पाण्यात उकडलेले सालासकट बटाटे, आणि त्याबरोबर मोहो नावाची लसणाची चटणी. म्हणजे आपल्या दृष्टीनं ताट रिकामं. पण तिथलं खरं जुनं अन्न वेगळंच आहे. त्याचं नाव गोफिओ. स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून बेटांवरचे मूळ रहिवासी धान्य भाजून दळत आणि ते पीठ कालवून खात. आज ते मक्याचं असतं, गव्हाचं असतं. हे वाचलं आणि सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे सातूचं पीठच की. आपल्याकडे हुरिहिट्टु म्हणतात ते." कानडी मुलखातल्या माणसाला भाजलेल्या पिठाची ओळख करून द्यावी लागत नाही.

केळी तिथं मुबलक पिकतात. टोमॅटो, पपई, आंबेही होतात. चीज घेताना मात्र विचारावं लागेल. बऱ्याच चीजमध्ये दूध फाडायला करडाच्या किंवा वासराच्या पोटातलं रेनेट घालतात. ग्रान कानारियात काही चीज रानटी आर्टिचोकसारख्या काटेरी झाडाच्या फुलानं फाडतात, ते शोधायचं. लाल रंगाच्या मिठाईवरही डोळा ठेवायचा. एकोणिसाव्या शतकात या बेटांवर निवडुंगाची शेती होती, ती निवडुंगासाठी नव्हे, त्यावरच्या कोचिनील किड्यांसाठी. किडे वाळवून, कुटून त्यांचा किरमिजी रंग करत. पुढं कारखान्यातले रंग आले आणि तो धंदा बसला. पण खाण्याच्या पदार्थांत तो रंग अजून असतो, डब्यावर ई १२० असं लिहिलेलं असतं. साड्यांच्या दुकानात जन्म काढूनही लाल रंगाची ही गोष्ट मला माहीत नव्हती.

सूर्यास्ताआधी जेवायचं, तर तिथं जानेवारीत सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो. आपल्या हुबळीत सव्वासहाला. म्हणजे फारसा फरक नाही. उलट जूनमध्ये गेलं तर रात्री नऊपर्यंत उजेड. गंमत अशी की स्पेनची माणसं रात्रीचं जेवण नऊ-दहाला घेतात, त्यामुळे सहा वाजता हॉटेलात स्वयंपाकघर बंदच असतं. यावर उपाय एकच: स्वयंपाकघर असलेलं छोटं घर भाड्यानं घ्यायचं. मी म्हटलं, सुट्टीला जाऊन पुन्हा कुकर? त्यावर वन्संनी नियम काढला: एक वेळ खिचडी, पाळी लावून, आणि भांडी जिची पाळी नाही तिनं घासायची. विमानात जैन जेवण मिळतं, तिकिटाबरोबर किंवा निदान दोन दिवस आधी सांगून ठेवावं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे धारवाडचा पेढा नाही, तूपही नाही. खाकरे, भाजणी, कोरड्या चटण्या, मूगडाळ चालते.

इथपर्यंत सगळा बेत आपल्या सवयीचा होता. अडला तो कागदांवर.

स्पेनचा व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा. तो घेतला की आणखी अठ्ठावीस देशांत फिरता येतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. फी ९० युरो. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. परत यायच्या तारखेनंतर पासपोर्ट तीन महिने तरी चालू हवा, आणि त्यात दोन पानं कोरी. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. आमच्यासाठी ते बंगळुरू, धारवाडहून वंदे भारतनं. हे सगळं आम्हाला एका ओळखीच्या तरुण एजंटानं नीट समजावून सांगितलं. मग त्यानं फॉर्म पुढं केला आणि जाऊबाईंना विचारलं, "काकू, तुमचा व्यवसाय काय लिहू? हाउसवाइफ?"

जाऊबाई काही बोलल्या नाहीत. तो पुढं म्हणाला, "मग खर्चाच्या रकान्यात स्पॉन्सर लिहू. काकांचं पत्र, काकांचं बँक स्टेटमेंट, काकांचे आयटी रिटर्न."

मैत्रिणींनो, माझ्या जाऊबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षीपासून दुकानातून विकल्या गेलेल्या साड्यांना फॉल लावतात, पिको करतात, ब्लाउज शिवतात. दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचं मशीन आहे. आता हाताखाली दोन मुली आहेत. या कामाचे पैसे गिऱ्हाईक गल्ल्यावर देतं, गल्ल्यातून थोडे जाऊबाईंच्या हातात येतात, हातातून भिशीत जातात. वीस बायकांची भिशी, दुर्गद बैलच्या बाजूच्या. त्या भिशीच्या दोन फेऱ्यांतून त्यांनी प्रवासाचे पैसे जमवले होते. कपाटात, साडीच्या घडीत. रोख.

"माझे पैसे आहेत," त्या एजंटाला म्हणाल्या.

"हो काकू, पण कागदावर नाहीत."

त्याचं काही चुकलं नव्हतं. व्हिसावाल्यांना गेल्या काही महिन्यांचं स्टेटमेंट लागतं, आणि खात्यात एकदम मोठी रक्कम आली तर ती कुठून आली हे विचारतात. भिशीचं पासबुक नसतं. फॉलच्या टाक्यांचं रिटर्न नसतं.

घरी आल्यावर थोरले भाऊजी म्हणाले, "त्यात काय एवढं? मी सही करून देतो की." अगदी मनापासून म्हणाले. जाऊबाईंनी ताटं वाढली, सगळ्यांचं झालं, आणि मग म्हणाल्या, "तुमची सही चांगली आहे. पण फॉल मी लावला आहे." त्या रात्री आमच्या घरात पुढं कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, झालं, बेत मोडला. कारण असले बेत भांडणानं मोडत नाहीत, अशा शांततेनंच मोडतात. 'जाऊ दे, कशाला' या दोन शब्दांनी.

तेवढ्यात दुसरीच अडचण निघाली. जाऊबाईंच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. नुसतं आडनाव नव्हे, लग्नात त्यांचं पहिलं नावही बदललं होतं, तांदळात अंगठीनं लिहून. पासपोर्टसाठी दोन्ही बायका एकच आहेत हे प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागलं. वकिलांकडे सही करताना त्या हसल्या, म्हणाल्या, "चाळीस वर्षांनी माझी माझ्याशी गाठ पडली."

वन्संचं सोपं होतं. पेन्शनचं खातं, दरवर्षीचं रिटर्न, शाळेत नोकरी लागली तेव्हापासून एकच नाव. माझंही निभावलं. लिहिण्याच्या मानधनावर स्पेन काय, सौंदत्तीही होणार नाही. पण वडिलांच्या मागं भावांनी माझा वाटा ठेव म्हणून माझ्या नावावर ठेवला होता. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा वाटा देशभर २००५ मध्ये मिळाला. कर्नाटकानं तो कायदा त्याआधी, १९९४ मध्येच, बदलला होता, आणि हिंदू वारसा कायदा आपल्याला, जैनांनाही लागू आहे. हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या कितीजणी मी पाहिल्या आहेत. माझ्या भावांनी तो कागद माझ्यापुढं ठेवलाच नाही. त्या ठेवीच्या व्याजाचं स्टेटमेंट आज माझ्या फॉर्मला जोडलं जाईल. तिघी एकाच घराच्या, एकाच ताटात जेवणाऱ्या. पण कागदावर एक शिक्षिका, एक ठेवीदार, आणि सगळ्यांत जास्त राबलेली ती कुणीच नाही.

तेव्हा आम्ही प्रवास एक वर्ष पुढं ढकलला. वन्संनीच सांगितलं, "डोंगर कुठं जात नाही. आधी हिचा कागद करू."

जाऊबाईंच्या मुलानं बँकेत आईच्या एकटीच्या नावानं खातं उघडलं. दुकानाच्या काउंटरवर आता दोन क्यूआर कोड आहेत. एक दुकानाचा, त्याच्या शेजारी छोटा दुसरा, फॉल-पिको-ब्लाउजचा, जाऊबाईंच्या नावाचा. पहिल्या महिन्यात भाऊजी म्हणाले, एका दुकानात दोन कोड कशाला, गिऱ्हाईक गोंधळतं. गिऱ्हाईक काही गोंधळलं नाही. कामाचं बिलबुक छापून घेतलं. हाताखालच्या दोघी मुलींचे पगारही आता जाऊबाईंच्या खात्यातून जातात. भिशी चालूच आहे, ती मोडायची नाही, तिची मजा वेगळी. पण भिशीचा हप्ता आता खात्यातून काढून भरला जातो. जुलैत त्यांनी पहिलं रिटर्न भरलं. उत्पन्न कर लागण्याइतकं नव्हतंच, तरी भरलं. पोचपावतीची झेरॉक्स काढून त्यांनी ती कपाटात ठेवली, त्याच साडीच्या घडीत. आणि परवा मी ऐकलं, भाऊजी एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "साडीचे इकडे स्कॅन करा, फॉलचे तिकडे. ते वेगळं खातं आहे."

सासूबाईंबद्दल सांगितल्याशिवाय हा बेत पुरा होणार नाही. आमची चौथी जागा त्यांची होती. पण त्यांनी तरुणपणी दिग्व्रत घेतलेलं. पूर्वेला शिखरजी, दक्षिणेला कन्याकुमारी, पश्चिमेला समुद्राचा काठ, त्यापलीकडे जाणं नाही. त्यांना सोडून जाणं आम्हाला जड वाटत होतं, तर त्याच म्हणाल्या, "माझी हद्द मी आखली. तुमची तुम्ही आखा. पण आखा. न आखता भटकू नका." येताना माझ्यासाठी काही आणू नका हेही बजावलं, हद्दीबाहेरून वस्तू मागवली तरी व्रताला दोष लागतो असं त्या मानतात.

त्यांचं ते वाक्य मला पुन्हा आठवलं ते एक बातमी वाचताना. २० एप्रिल २०२४ ला कॅनरी बेटांवर लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले. बेटांची वस्ती बावीस लाखांच्या आसपास आणि त्या एका वर्षात आलेले पाहुणे पावणेदोन कोटींच्या घरात. पाहुण्यांसाठी घरं भाड्यानं गेली, स्थानिकांना घर परवडेना. लांझारोते, फुएर्तेव्हेंतुरा या बेटांवर तर प्यायचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवतात. मोर्च्याची घोषणा साधी होती: कॅनरीला मर्यादा आहे. पाण्याची वाट पाहणं म्हणजे काय हे हुबळीच्या बायकांना कुणी शिकवायला नको. मलप्रभेचं पाणी नळाला कधी येणार यावर आमची लग्नंमुंजी ठरत आल्या आहेत. म्हणून आमच्या यादीत आता हेही आहे: स्थानिक कुटुंबानं चालवलेली, परवाना असलेली जागा बघायची, बादलीभर पाण्यात आंघोळ, दोनच बेटं, आणि दहाव्या दिवशी परत.

तुम्हाला कॅनरीला जायचं नसेल. कुठंच जायचं नसेल. तरी एकदा कागद काढून बसा. पासपोर्टवर नाव कोणतं येईल ते बघा. तुमच्या एकटीच्या नावाचं खातं आहे का, त्यात तुमच्या कामाचे पैसे येतात का, ते बघा. माहेरच्या वाट्याचं काय झालं ते विचारा, भांडू नका, पण विचारा. सहा महिने आधी तिकीट काढता येतं, विमा एका दिवसात होतो. कागदावर बाई व्हायला मात्र वेळ लागतो.

तिकिटं अजून काढायची आहेत, ठसे अजून द्यायचे आहेत, व्हिसा मिळेल की नाही हे स्पेनवाले ठरवतील. पण गेल्या आठवड्यात जाऊबाईंनी फॉर्मच्या झेरॉक्सवर पेन्सिलीनं सराव केला. व्यवसाय: शिवणकाम, स्वतःचं. प्रवासाचा खर्च कोण करणार: अर्जदार स्वतः.